तंजावुरात मालिका जपून ठेवण्याचा विधी

तंजावुरात बसून मराठी मालिका बघायची आणि जमल्यास साठवायची असेल, तर सेट-टॉप बॉक्स पूर्वाभिमुख मांडावा आणि तो आपला आहे हा गैरसमज आधी मनातून काढावा. डब्याचे काम चित्र दाखवण्याचे, असे पुष्कळांना वाटते. खरे काम चित्र अडवण्याचे. वाहिन्या तारेतून किंवा छत्रीतून दारापर्यंत सगळ्यांच्याच येतात, पण कुलूपबंद. अमुक क्रमांकाच्या डब्याने अमुक वाहिनी उघडावी असा हुकूम ऑपरेटरकडून सुटला की डबा तेवढीच उघडतो. थोडक्यात, आपल्या दिवाणखान्यात, आपल्याच विजेवर पोसलेला हा परक्याचा देवडीवाला. खात्री करायची असल्यास वर्गणी थकवून पाहावी; तो ओळखही दाखवणार नाही.

डबा फुकट मिळाला असेल तर विधी जास्तच काटेकोरपणे करावा. खाजगी केबलच्या मक्तेदारीवर उतारा म्हणून तमिळनाडू सरकारने 2007 मध्ये अरसू केबल महामंडळ काढले (अरसू म्हणजे सरकारच), तेव्हा त्याच्या पहिल्या चार नियंत्रण कक्षांपैकी एक तंजावुरात आला. 2011 मध्ये मुख्यमंत्री जयललितांनी या महामंडळात पुन्हा जीव ओतला, तेव्हा दर होता महिना 70 रुपये. 2017 मध्ये डिजिटल परवाना मिळाल्यावर डबेही फुकट वाटले. फुकटच्या डब्याला नावे ठेवणे हा कृतघ्नपणा, असे कोणी म्हणेल. सत्तर रुपयांत घरात टीव्ही चालला याचे मोल मीही कमी मानत नाही. पण नोव्हेंबर 2022 मध्ये सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीशी वाद झाला आणि राज्यभर लाखो डबे मुके झाले, त्यात वेळेवर वर्गणी भरणाऱ्यांचेही होते. डब्याची किल्ली सरकारच्याही खिशात नव्हती, हे त्या दिवशी कळले.

आता रेकॉर्डिंग. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत रबरबँड लावून ठेवलेला असल्यास पिशवीवरूनच लाल बटण दाबावे. पडद्यावर ठिपका उमटतो आणि भाग हार्ड डिस्कवर, साध्या डब्यात पेनड्राइव्हवर, उतरू लागतो. इथवर समाधान मानावे. पुढे तोच पेनड्राइव्ह संगणकाला जोडला तर फाइल दिसते, भाग दिसत नाही. कारण रेकॉर्डिंगलाही सहसा त्याच डब्याचे कुलूप असते. डबा बिघडून बदलला की जुन्या भागांना तिलांजली द्यावी. चोरी रोखायला कुलूप हवेच, हा वाहिन्यांचा युक्तिवाद खोटा नाही. मालिका बनवायला पैसे पडतात आणि पायरसीने ते बुडतात. पण हे कुलूप चोरापुरते थांबत नाही. पैसे मोजून घेतलेला, घरच्या डिस्कवर उतरवलेला भागही ते मालकालाच नाकारते. दूरसंचार नियामकाने एप्रिल 2020 मध्ये शिफारस केली की डबा कुठल्याही ऑपरेटरकडे चालावा. तरी ऑपरेटर बदलला की जुना डबा, अडॅप्टर आणि वायरीच्या भेंडोळ्यासकट, माळ्यावरच जातो. बँक बदलली म्हणून कोणी तिजोरी माळ्यावर टाकत नाही.

यावर तरुण मंडळी सांगतील, डबा कशाला, सगळे ॲपवर आहे. आहे खरे, हक्काची मुदत संपेपर्यंत. मग मालिका ज्या सहजतेने आली त्याच सहजतेने उतरते, आणि माळ्यावर टाकायला डबासुद्धा उरत नाही. बाकी साठवणुकीच्या बाबतीत या गावाला शहाणपण शिकवायला जाऊ नये. इथले मराठा राजे सरफोजी यांनी आपल्या भोसले घराण्याचा इतिहास 1803 मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. त्याचा ऑपरेटर, म्हणजे तंजावूरचे राज्य, 1855 मध्ये बंद पडला, तरी रेकॉर्डिंग चालू आहे. इथल्या सरस्वती महाल ग्रंथालयातली मोडी कागदपत्रे वाचायला मोडी शिकावी लागते, एवढीच काय ती अट.

एवढे वाचूनही आजचा भाग जपायचाच असेल, तर दोनशेपानी वही घ्यावी, मालिकेच्या वेळी टीव्हीसमोर बसावे आणि कोण कोणाला काय म्हणाले ते उतरवून काढावे. हात दुखेल, पण जाहिराती पुरेशा लांब असतात.