चिडचिड : नवशिक्यांसाठी प्राथमिक पाठ

अभिनंदन! तुमची चाळिशी उलटली आहे, पाळी कधी वीस दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी येते आणि काल भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली नाही म्हणून तुम्हाला रडू आलं. म्हणजे प्रवेश पक्का. आपल्याकडे पाळी साधारण 46-47 व्या वर्षी कायमची जाते. हा अभ्यासक्रम त्याआधी चारेक वर्षं चालतो, एखादीचा आठ-दहा वर्षंही रेंगाळतो.

सुरुवात सोपी आहे. सगळं स्वभावावर घ्यायचं. ‘मी मेली पहिल्यापासूनच तापट’ असं आपणच म्हणून टाकलं की घरच्यांचे कष्ट वाचतात. अंडाशयाचं नाव काढू नका. कारभार तिथलाच असतो, ही गोष्ट वेगळी. इस्ट्रोजेन शिस्तीत हळूहळू उतरलं असतं तर मेंदूने जुळवून घेतलं असतं. पण ते या महिन्यात भलतंच चढतं आणि पुढच्या महिन्यात तळाला जातं. त्यात बीज सुटणं चुकायला लागलं की प्रोजेस्टेरॉन कमी पडतं, आणि त्यापासून बनणारं, मेंदूला शांत ठेवणारं रसायनही. हे कळलेल्या बाईला स्वतःला दोष देणं नीट जमत नाही, तेव्हा वाचून विसरा.

पुढचा पाठ रात्री तीनचा. याला भरपूर वेळ द्यावा, तसाही झोपेचा प्रश्न मिटलेला असतो. अंगातून वाफा निघतात, मानेखालची उशी ओली होते, तुम्ही उठून पंखा पाचवर करता. शेजारून गोधडी कानावर ओढत आवाज येतो, ‘थंडी वाजतेय गं.’ पंखा तीनवर. आता काळजीला बसा. नवशिक्यांनी गॅसच्या नॉबपासून सुरुवात करावी. मग मुलाचा ‘पोचलो’ असा मेसेज का आला नाही, ह्यांचं कोलेस्टेरॉल, फ्लॅटचे हप्ते. आणि हात बसला की बारशाच्या दिवशी नणंद सगळ्यांदेखत जे बोलली होती ते, शब्दन् शब्द.

छातीत धडधडलं की मन थेट हार्ट अटॅकवर जातं. इथे थट्टा जरा बाजूला ठेवते. धडधड थायरॉईडनेही होते आणि जास्त अंगावरून जाऊन हिमोग्लोबिन उतरलं तरी होते. या दोन तपासण्या करून घ्याच. छातीत दुखत असेल, दम लागत असेल तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा. पंचेचाळिशीनंतर हॉर्मोनच्या तपासणीवर मात्र उगाच पैसे घालू नका. आज एक आकडा येतो, पुढच्या आठवड्यात भलताच.

एव्हाना सासूबाई म्हणाल्या असतील, ‘आमच्या वेळी नव्हतं बाई हे असलं.’ मान डोलवा. त्यांच्या वेळी भर दुपारी माळ्यावरची पितळी भांडी काढून चिंचेने तासन्‌तास घासणं होतं, आणि ते चालू असताना स्वयंपाकघरात कुणी फिरकायचं नाही, असा अख्ख्या घराचा अलिखित नियम होता.

उपाय सुचवणाऱ्यांना तोटा नाही. गुलकंद, सब्जा, ‘मन रमव कशात तरी’. सगळ्यांत धोक्याचा सल्ला म्हणजे ‘पिशवीच काढून टाक, कटकट गेली’. गर्भपिशवी हॉर्मोन बनवत नाही, त्यामुळे ती काढून चिडचिड जात नाही. सोबत अंडाशयं काढली तर सगळा अभ्यासक्रम एका रात्रीत अंगावर येतो. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची प्रकरणं 2019 साली गाजली तेव्हा सरकारला समिती नेमावी लागली. त्या बायकांना पंख्याच्या आकड्यावरून भांडायची चैनसुद्धा नव्हती.

हॉर्मोनच्या गोळ्यांचं नाव काढलं की कुणीतरी ‘कॅन्सर होतो’ म्हणतंच. ही भीती 2002 च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासातून पसरली; त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, हे सांगायचं राहून गेलं. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसतील, तर बहुतेकींना फायदा जास्त होतो. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्तात गुठळी होऊन गेली असेल तर हा रस्ता सहसा बंद. मग समुपदेशन आहे, मानसोपचारतज्ज्ञांची औषधं आहेत. संध्याकाळचा तिसरा चहा सोडून पाहा, झोपेत फरक पडू शकतो. जगणंच नको वाटायला लागलं तर 14416 हा टेलिमानसचा नंबर फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.

राहिली परीक्षा. सलग बारा महिने पाळी आली नाही की पास. अकराव्या महिन्यात आली तर मोजणी पुन्हा एकपासून. पास झाल्यावर थेंबभरही दिसलं तरी लगेच दाखवायचं. आणि पाळी थांबल्यावरही बीज कधीतरी सुटू शकत असल्यामुळे पन्नाशीच्या आत ती गेली तर पुढची दोन वर्षं गर्भनिरोधक चालू ठेवायचं असतं. हे डॉक्टर सांगतील तेव्हा ह्यांना बाहेरच्या बाकावर बसवू नका, शेजारच्या खुर्चीत बसवा.