रामजन्माआधी रावणवध

वासोण्याला पाहुणे येतात ते सिंह बघायला. सिल्वाशापासून दहाएक किलोमीटरवरच्या लायन सफारीत जाळीच्या गाडीतून एक फेरी झाली, की मग आमच्याकडे चहाला. इथे माझा भाचा त्यांना टीव्हीखालच्या कप्प्यातलं स्वतःचं जनावर दाखवायचा. कुठल्याशा ऑफिसने मोडीत काढलेला कॉम्प्युटर, पोटात दोन टेराबाइटची हार्ड डिस्क आणि तिच्यावर जेलीफिन हे मीडिया सर्व्हर. कॅसेटवरची गाणी, सिनेमे, लग्नांचे व्हिडिओ, फोनमधले फोटो, सगळं त्यात. ज्याने त्याने आपापल्या खोलीत हवं ते लावावं. सिंह दिसले नाहीत म्हणून हिरमुसलेले पाहुणे सर्व्हर बघून आणखी हिरमुसत.

पावसाळ्यात एका रात्री वीज गेली, आली, परत गेली आणि मग दणकून आली. सकाळी जनावर उठेना.

वापीहून एक जाणकार बोलावला. त्याने स्क्रू काढण्याआधीच विचारलं, "साहेब, फॉर्मॅट मारी दऊं?" ताप आलेल्या माणसाला नवीन जन्म सुचवणारे डॉक्टर याच घराण्यातले असावेत. भाच्याने त्याला चहा पाजून रवाना केलं.

माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, सिनेमांचं सुतक नव्हतं. त्यांचं गीतरामायण गेलं होतं. "ते नेटवर पडलेलं असतं की," असं कोणीतरी म्हणालं आणि नानांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. कारण आमचं गीतरामायण विकतचं नव्हे. धाग्याच्या कारखान्यात पाळी करून आल्यावर नानांनी रेडिओपुढे टेपरेकॉर्डर ठेवून, घरातल्यांना श्वास घ्यायलाही बंदी करून ते उतरवलेलं. बंदी कोणी पाळली नाही, हे प्रत्येक गाण्यात ऐकू येतं. इथल्या पावसाने पुढे कॅसेटींना बुरशी धरली, तेव्हा भाच्याने त्या सर्व्हरवर चढवल्या आणि "आता हे सांभाळायची गरज नाही" म्हणून भंगारवाल्याला दिल्या. हे वाक्य त्याला नंतर घरात बऱ्याच जणांनी ऐकवलं.

नानांच्या लेखी या गाण्यांचा आणि आमच्या मातीचा थेट संबंध. २ ऑगस्ट १९५४ला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं, त्या लढ्यात गीतरामायणाचे संगीतकार सुधीर फडके, म्हणजे बाबूजी, स्वतः होते. पुढच्याच वर्षी, १ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. वर्षभर आठवड्याला एक गाणं, त्यात अधिक मास आला म्हणून एकूण ५६. नानांच्या हिशेबाने बाबूजींनी आधी आम्हाला सोडवलं, मग रामाकडे वळले.

शिवाय डेटा हरवण्याची परंपरा गीतरामायणात पहिल्या दिवसापासूनची. कवी ग. दि. माडगूळकरांनी लिहून दिलेलं पहिलंच गाणं फडक्यांकडून हरवलं, असं सांगतात. कॉपी नाही. गदिमा भडकले, पुन्हा लिहायला साफ नकार. शेवटी आकाशवाणीच्या सीताकांत लाडांनी त्यांना कागद-पेनासकट खोलीत कोंडलं आणि पंधरा मिनिटांत गाणं आठवणीतून परत कागदावर आलं. इतक्या वेगाने डेटा परत देणारं सॉफ्टवेअर अजून निघालेलं नाही. नाना भाच्याला म्हणाले, "तुलाही कोंडून बघू या का?"

भाचा आपणहूनच कोंडून घेऊन बसला होता. निदान असं निघालं, की डिस्क धडधाकट, फक्त कुठली फाइल कुठे आहे ही तिची अनुक्रमणिका पुसली गेली. आधी त्याने डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची नक्कल दुसरीवर उतरवली, कारण फाइली हरवलेल्या डिस्कवर एक अक्षरही नवीन लिहायचं नसतं. मग त्या नकलेवर फोटोरेक सोडलं. हे फुकटचं फ्रेंच सॉफ्टवेअर अनुक्रमणिकेकडे बघतच नाही. डिस्कचा कण न् कण चाळतं आणि फाइलच्या सुरुवातीची ठरावीक खूण दिसली, की तिथून फाइल उचलतं. सगळ्यात आधी काय सापडावं? गुड मॉर्निंगचे गुलाब. हजारोंनी, एक पाकळी न सांडता. पृथ्वी बुडाली तरी हे गुलाब तरंगत राहणार.

मागोमाग गाणीही आली. पण नावं आली नाहीत, कारण नावं अनुक्रमणिकेत होती. उरले फक्त एफ आणि पुढे सात-आठ आकडे. क्रमसुद्धा डिस्कवर जशी जागा मिळाली तसा. पहिली फाइल लावली तर रावण मेला. दुसरीत शूर्पणखा आली. रामजन्म बराच खाली.

"राम जन्मायच्या आधी रावण कसा मरेल रे?" नाना.

"आजोबा, तुमच्या पहिल्या गाण्यात लव-कुश बापासमोर गातात आणि बाप त्यानंतर जन्मतो. तो क्रम चालतो तुम्हाला?"

नाना तासभर गप्प होते. आमच्या घरात हा विक्रम आहे.

मग ओळख परेड सुरू झाली. गाणं काही सेकंद वाजलं, की नाना प्रसंग सांगत. पण सुरुवात खरखरीत बुडालेली असेल, तर बायकांचं ज्ञान कामी येई. "कुकरची शिट्टी झाली ना? मग हे स्वयंवर." "आई 'दूध बघ गं' म्हणत्येय, तो जटायू." कुंभकर्णाच्या गाण्यात मागे घोरण्याचा आवाज आहे. तो काकांचा, की आकाशवाणीने मुद्दाम घातलेला, यावर दोन गट पडले. काका स्वतः दुसऱ्या गटात.

व्हिडिओंना नावं देणं त्यामानाने सोपं, पण जेलीफिन शहाणपणा करतं. नाव आणि साल वाचून नेटवरून पोस्टर आणतं. 'लग्न १९९४' या आमच्या व्हिडिओला त्याने एका परदेशी भयपटाचं पोस्टर लावलं. मी बदलायला गेलो, तर बायको म्हणाली, "असू दे, कथानक साधारण तेच आहे."

मोजदाद झाली तेव्हा गाणी ५७ भरली. ज्यादाचं लावलं, तर आकाशवाणीवरचे बाजारभाव. टेप बंद करायची राहिलेली. भाच्याने डिलीटवर बोट नेलं आणि नाना ओरडले. ते भाव आता चित्रकूट आणि पंचवटीच्या मध्ये आहेत. वनवासातही कांदा लागतोच.

आता बॅकअपचं ठरतंय. भाचा तीन-दोन-एक नियम सांगतो: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत आत्या बोईसरला नेणार आहे. मात्र दुसरं माध्यम म्हटल्याबरोबर नाना ताठ बसले. "म्हणजे कॅसेट चालेल?"

नियमात न चालण्यासारखं काही सापडलं नाही. गेल्या रविवारपासून भाचा वापीच्या बाजारात कोऱ्या कॅसेटी शोधतोय.