शंभर रुपयांची भीती

सोलापुरात घरी केक करणाऱ्या बाईला गिऱ्हाईक सगळ्यात आधी भाव विचारत नाही. "वहिनी, अंडं नाही ना यात?" हा पहिला प्रश्न. लिंगायत, जैन, मारवाडी घरं एकाच गल्लीत, शिवाय सोमवार, संकष्टी आणि श्रावण पाळणारे वेगळे. त्यामुळे इथला बराचसा केक जन्मतःच एगलेस. मग "उद्या सकाळी मिळेल का?" आणि त्यापाठोपाठ "नाव लिहायचे वेगळे पैसे कशाला?" लायसन आहे का, असं सहसा कोणी विचारत नाही. तो प्रश्न वहिनींनाच पडतो, रात्री साडेबाराला ओट्यावरचं क्रीम पुसताना. कारण मोबाइलवर नुकताच कुणीतरी ढकललेला मेसेज वाचलेला असतो: घरगुती केक विकणाऱ्यांनो सावधान, सहा महिने कैद, पाच लाख दंड!

या वहिनी म्हणजे कोणी एक बाई नव्हे. जुळे सोलापूर असो की होटगी रोड, दर अपार्टमेंटमध्ये अशी एखादी असतेच. २०२०च्या टाळेबंदीत तिने कुकरची शिट्टी आणि रिंग काढून ठेवली, तळाशी मीठ पसरलं, बिस्किटांच्या चुऱ्यात दूध आणि इनो घालून पहिला केक उठवला. तो घरच्यांनी खाल्ला. दुसरा शेजाऱ्यांनी खाल्ला. तिसऱ्याचे पैसे आले, आणि तिथून कायद्याच्या भाषेत ती 'अन्न व्यवसाय चालक' झाली. तिला मात्र हे कोणी कळवलं नाही.

आता तो मेसेज. आकडे मनाने रचलेले नाहीत, पण जुने आहेत. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६. त्याच्या कलम ६३च्या मूळ मजकुरात विनापरवाना धंद्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड लिहिलेला होता. पण त्याच कलमात, अगदी सुरुवातीला, एक कंस आहे. कलम ३१(२)खाली ज्यांना परवान्यातून सूट आहे ती माणसं सोडून, असं त्या कंसात म्हटलंय. आणि ३१(२)मध्ये कोण बसतात? स्वतः पदार्थ करून विकणारे छोटे उत्पादक, फेरीवाले, तात्पुरता स्टॉल टाकणारे, कुटीरोद्योगवाले. म्हणजे वहिनी. मेसेज पुढे ढकलणारे कंस वाचत नाहीत, असा एकूण अनुभव आहे.

सूट आहे म्हणजे मोकळीक आहे असं मात्र नाही. परवाना नको, पण नोंदणी हवीच. ती टाळली तर कायद्यात इतर कलमं आहेत. २०११च्या नियमावलीने छोट्या व्यावसायिकाची रेघ वर्षाला १२ लाखांच्या उलाढालीवर मारली आणि नोंदणीची फी ठेवली वर्षाला १०० रुपये. १२ लाख म्हणजे किती, हे समजायला अर्ध्या किलोचा केक साडेतीनशेला धरावा. रोज नऊ-दहा केक, वर्षाचे ३६५ दिवस, अमावास्या न पाळता. छोट्या उत्पादकासाठी त्याच नियमावलीने दिवसाला १०० किलो मालाचीही मर्यादा सांगितली. घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी दोन टिन कसेबसे मावतात. त्या हिशेबाने ही मर्यादा ओलांडायला वहिनींना दिवसच चाळीस-पन्नास तासांचा लागेल.

तरीही फॉर्म अ भरायचा म्हटलं की हातपाय गार. १९३० साली इंग्रजांचा मार्शल लॉ पचवलेलं हे गाव, पण संकेतस्थळावर 'काइंड ऑफ बिझनेस' हा रकाना उघडला की भल्याभल्यांची बोटं थबकतात. त्यात पुण्यात जाऊन फॉन्डंटचा कोर्स करून आलेल्या वहिनींना कळतं की कायद्याच्या लेखी आपण आणि पार्क चौकातला भेळवाला एकाच खणात आहोत. हा धक्का पचायला एक दिवस जातो. मग एजंट. शंभराच्या कामाचा तो हजारांत आकडा सांगतो, कारण त्याने गोळा करायच्या कागदांची यादी अशी काही म्हणून दाखवलेली असते की गिऱ्हाइकाने घाबरूनच पैसे काढावेत. प्रत्यक्षात फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, असा मामला. अर्ज आल्यापासून सात दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यावी, कारण लिहून नाकारावी किंवा पाहणीला येतो म्हणून कळवावं, असं त्या नियमावलीत आहे. तीस दिवसांत काहीच निर्णय झाला नाही तर धंदा सुरू करायला मोकळीक, हेही तिथेच लिहिलंय. सरकारच्या गप्प बसण्याचा अर्थ होकार धरणारे नियम आपल्याकडे फार नाहीत. वहिनींनी या नियमाला मान द्यायला हवा.

खरी मजा त्याच नियमावलीच्या परिशिष्ट चारमध्ये आहे. छोट्या व्यावसायिकाने स्वच्छता कशी पाळायची ते त्यात सांगितलंय, आणि वाचताना वाटतं हे एखाद्या खमक्या आजेसासूने सांगून लिहून घेतलं असावं. नखं कापलेली हवीत. कचऱ्याच्या डब्याला झाकण हवं. आजारी माणसाने पदार्थाला हात लावायचा नाही. कामाच्या जागी खाणं, चघळणं, विडी-सिगारेट ओढणं, थुंकणं आणि नाक शिंकरणं मना. यातलं चघळणं सोलापुरात जरा नाजूक प्रकरण आहे. गालात मावा धरून "झालं का गं?" करत स्वयंपाकघरात डोकावणारे भाऊजी या एका ओळीने हद्दपार होतात. एवढ्या कामाचे शंभर रुपये म्हणजे फारच स्वस्त.

त्यातलं आणखी एक वाक्य तर सोलापूरकरासमोर बसून लिहिल्यासारखं: पिण्यायोग्य पाण्याचा अखंड पुरवठा असावा, पुरवठा अधूनमधून होत असेल तर साठवणीची पुरेशी सोय असावी. उजनी धरण भरलं तरी नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, ही इथली जुनी रीत. त्यामुळे साठवणीच्या बाबतीत सोलापूरची बाई देशातल्या कुठल्याही अधिकाऱ्याला शिकवणी देऊ शकते. टाकी, पिंप, कळशी, बादल्या, शिवाय पाहुणे आले तर म्हणून झाकून ठेवलेलं पातेलं. पाहणीला येणाऱ्याने पाय कुठे ठेवायचा, एवढाच प्रश्न.

अंड्याकडे पुन्हा यावंच लागतं. अंडं शाकाहारी की मांसाहारी हा वाद घरोघरी चालतो. कायद्याने तो निकालात काढलाय. दूध आणि मध चालेल, अंडं मांसाहारी. पाकिटावर हिरव्या गोलाऐवजी चौकोनात तपकिरी त्रिकोण. मात्र पदार्थात मांसाहारी म्हणून फक्त अंडंच असेल, तर त्या खुणेबरोबर तसं लिहायची मुभा आहे. 'अंडं चालतं, मटण नाही' म्हणणाऱ्या लोकांची एवढी बारीक दखल दिल्लीत बसून कोणी घेतली असेल, त्याला सोलापूरची कडक भाकरी पाठवायला हवी.

कडक भाकरीवरून आठवलं. घरी करून विकणं या गावाला नवं नाही. शेंगाचटणी आणि कडक भाकरी इथल्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या विकली. आज त्याच चटणीच्या पाकिटावर चौदा आकडी क्रमांक छापलेला दिसतो. नोंदणीवाल्यांचा २ने सुरू होतो, परवानेवाल्यांचा १ने. पण चटणीचं बरं असतं, ती मे महिन्यातही चटणीच राहते. केक राहत नाही. पारा बेचाळीसच्या पुढे, स्कूटरच्या पायदानावर डबा, मागे वहिनी, पुढे भाऊजी. जुळे सोलापुरातून निघालेला तीन मजली केक सात रस्त्याला पोचेपर्यंत अडीच मजली होतो आणि अशोक चौकात पोचेपर्यंत त्यावरच्या 'हॅपी बर्थडे'चा नुसता 'हॅपी' उरतो. यावर कुठल्याच परिशिष्टात तोडगा नाही.

रंगाची गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही. २०२४ साली शेजारच्या कर्नाटकात केकचे २३५ नमुने तपासले. १२ नमुन्यांत कृत्रिम रंग प्रमाणाबाहेर निघाले, आणि बदनाम झाले रेड वेल्व्हेट आणि ब्लॅक फॉरेस्ट. सोलापूरच्या लग्नकार्यांत अर्धे पाहुणे विजापूर-गुलबर्ग्याचे, त्यामुळे बातमी इथे दुसऱ्याच दिवशी पोचली. "आमच्या युनिकॉर्नचं शिंग जांभळंच पाहिजे, पण रंग नको," अशा ऑर्डरी तेव्हापासून येतात.

ज्यांना हा सगळा जाच वाटतो त्यांनी अमेरिकेतल्या न्यू जर्सीकडे पाहावं. एडिसन परिसरात मराठी घरं भरपूर. पण त्या राज्यात ऑक्टोबर २०२१ पर्यंत घरच्या ओव्हनमधलं साधं बिस्कीट विकणंसुद्धा बेकायदा होतं. बायकांनी कोर्टकचेऱ्या केल्या तेव्हा कुठे परवानगी आली. फी तिथेही शंभरच, फक्त डॉलर, दोन वर्षांसाठी. आणि फ्रिजमध्ये ठेवावा लागणारा पदार्थ चालत नाही. म्हणजे वहिनींचा ताज्या क्रीमचा पाइनॅपल तिथे बाद.

बाकी लहानसहान गोष्टी आहेत. दुकान-आस्थापनांचा २०१७चा कायदा, ज्याला गावात अजून 'गुमास्ता'च म्हणतात. मोजकी माणसं असली तर नुसती सूचना द्यायची. केकवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५वर आला, माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत त्याची नोंदणी लागत नाही, पण गिऱ्हाइकाला एवढं पुरतं: "टॅक्स कमी झाला ना, मग आमचं कमी करा." वजनकाटा शिक्क्याचा हवा, आणि वजन केकचं, खालच्या पुठ्ठ्याचं नव्हे.

एवढं सगळं होऊन एकदाचं प्रमाणपत्र येतं. ते दर्शनी जागी लावायचं, असा नियम आहे. स्वयंपाकघरात लावलं तर फोडणीने पिवळं पडतं, म्हणून वहिनी ते हॉलमध्ये लावतात, सिद्धेश्वराच्या कॅलेंडरशेजारी. भाऊजींचा मित्र येतो, लांबूनच ओरडतो, "काय बे, वहिनी सरकारी झाल्या की!" मग समोरच्या काकू येतात. चष्मा लावून फोटोपासून शिक्क्यापर्यंत सगळं वाचतात, आणि खरोखरच काळजीने विचारतात, "म्हणजे आता तू आमच्याकडूनसुद्धा पैसे घेणार का गं?"