भाताचा हुकूमनामा

संगणकशास्त्राच्या वर्गात नुकतेच पाऊल टाकलेल्या ज्या विद्यार्थ्यास आज्ञावली लिहिण्याची घाई झाली असेल, त्याने प्रथम यंत्राची योग्यता नीट ओळखून घ्यावी. कारण हा असा कारकून आहे की, जो रजा मागत नाही, चिरीमिरी घेत नाही, परंतु हुकमाबाहेर काडीही हलवीत नाही, आणि हुकूम चुकीचा असला तरी तो तितक्याच निष्ठेने बजावतो.

अशा सेवकास द्यावयाच्या क्रमवार, निःसंदिग्ध आणि केव्हातरी संपणाऱ्या हुकमांस अल्गोरिदम म्हणतात. नवव्या शतकात बगदादेस विद्याव्यासंग करणाऱ्या अल-ख्वारिज्मीच्या नावाचा लॅटिन मुखातून झालेला हा अपभ्रंश. कामाचे टप्पे आकृतीत मांडण्याची रीत अमेरिकेतील फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ मध्ये यांत्रिकी अभियंत्यांपुढे ठेवली. लिलियनबाईंनी पुढे स्वयंपाकघराच्या मांडणीतही लक्ष घातले, सबब आमचे उदाहरण शेगडीजवळचेच आहे.

अशा आकृतीत आरंभ आणि शेवट लंबगोलात, माहितीची आवकजावक तिरप्या चौकोनात, कृती आयतात आणि प्रश्न शंकरपाळ्यात लिहावा. शंकरपाळ्यातून ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोनच बाण निघतात. ‘बघू’ हा तिसरा बाण, जो आमच्या घरी सर्रास चालतो, येथे नामंजूर आहे.

आता भात. तांदूळ धुवावे, दुप्पट पाणी घालावे. ‘मीठ चवीपुरते’ असा मोघम शेरा मारल्यास काम तेथेच तहकूब होईल, म्हणून चमचे मोजून लिहावे. मग शंकरपाळे: शीत दाबल्यास मोडते काय? होय, तर पातेले उतरवावे. नाही, तर दोन मिनिटे थांबून पुन्हा त्याच प्रश्नाशी यावे.

प्रस्तुत लेखकाने अशीच आकृती मोठ्या डौलाने रेखाटून मातोश्रींपुढे ठेवली. त्यांनी चष्मा सारखा करून ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि एवढेच विचारले, “अरे, पण शेगडी कोण पेटवणार?” खरोखरच तो आयत राहून गेला होता! यंत्र बिचारे दर दोन मिनिटांनी, वीज असेतोवर, तेच कच्चे शीत दाबीत बसले असते. यास अनंत फेरा म्हणतात. त्यावर उतारा म्हणून फेऱ्या मोजणारा एक आयत आणि ‘पंधरा झाल्या काय?’ असे विचारणारे दुसरे शंकरपाळे घालावे, म्हणजे यंत्र निदान तक्रार नोंदवून थांबेल. भात मात्र शिजणार नाही.

तरी विद्यार्थ्यांनी आपली आकृती गुरुजींकडे दाखल करण्यापूर्वी घरात रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसास एकवार वाचावयास द्यावी, ही विनंती.