दहा टेस्लाची मोरी

कात्रजला राहून ट्रकांशी वैर धरणं म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. माझं भांडण आहे ते ओढ्यावरच्या मोरीपाशी लावलेल्या पाटीशी. लाल गोलात १० आणि पुढे कॅपिटल टी. सांगायचंय दहा टन. पण टनाचं चिन्ह छोटा टी. मोठा टी म्हणजे टेस्ला, चुंबकीय क्षेत्राचं एकक, १९६० सालापासून.

हे मला ठाऊक आहे आणि समोरच्याला नाही, यातलं सुख मी सोसायटीच्या मीटिंगांत, लग्नांत, एकदा तर तेराव्याच्या पंगतीतही वाटलेलं आहे. एमआरआयचं यंत्र बहुधा दीड किंवा तीन टेस्लाचं. तेवढ्यासाठीही खिशातली किल्ली बाहेर काढून ठेवायला लावतात. मोरी खरंच दहा टेस्लाची असती तर ट्रकचे पाटे, साखळ्या, लिंबू-मिरचीची तार, सगळं तिला जाऊन चिकटलं असतं. दुधाचे कॅन तेवढे सुटले असते, अर्थात ॲल्युमिनियमचे असतील तर. (इथे थांबत जा, असं बायकोचं म्हणणं.)

परवा एक डंपर मोरीअलीकडे थांबला. "काका, जाईल का गाडी?" मी टेस्लापासून सुरुवात केली. ड्रायव्हरनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "टनाबिनाचं राहू द्या. तीन ब्रास वाळू आहे."

ब्रास म्हणजे शंभर घनफूट. वाळूचा ब्रास साधारण साडेचार टनांचा, ओली असेल तर जास्तच. म्हणजे नुसता माल तेरा टनांच्या पुढे, गाडीचं वजन वेगळं. पाटी टनात बोलते, आरसी बुक किलोत, वाळूवाला ब्रासमध्ये. मोरी काहीच बोलत नाही.

१५ जून २०२५ला, रविवारी, कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांसकट कोसळला. चार जण गेले. पुलावर ट्रक नव्हता, माणसं होती. गर्दीच्या पादचारी पुलासाठी इंजिनिअर चौरस मीटरला ५०० किलो धरतात. पोरांना नदी दाखवायला आलेल्या माणसानं हा हिशोब कधी आणि कुठं करायचा? छोट्या टीनं त्याचं काय भलं झालं असतं? तेव्हापासून हे टेस्लापुराण माझ्याच घशात अडकतं. अडकतं, पण बंद होत नाही.

"मग जाऊ का?" ड्रायव्हरनं पुन्हा विचारलं.

"नका जाऊ."

"बरं. कोंढव्याकडून वळसा मारतो. डिझेलचे तेवढे द्या."