शिलाई मशीनच्या तेलावरचा सामुराई

कोल्हापूरकराला तलवारीचं कौतुक शिकवायला जाऊ नये. इथं तालमीत पोरं दांडपट्टा फिरवतात आणि दसऱ्याला अख्खं गाव सोनं लुटायला दसरा चौकात लोटतं. अशा गावात आमच्या चिरंजीवांनी तलवार मागवली, ती ‘डीमन स्लेयर’ या जपानी अ‍ॅनिमेतल्या तांजिरोची. काळ्या पात्याची कताना.

भिंतीवरची शोभेची नव्हे. 1060 कार्बन स्टील, पातं मुठीत खोलवर गेलेलं आणि बांबूच्या खुंटीनं जाम केलेलं. धार मात्र नाही, ही माझी अट. 9 इंचांहून लांब धारदार पातं शस्त्र कायद्याच्या कचाट्यात येतं, आणि ‘साहेब, राक्षसांसाठी आणलीय’ हे ठाण्यात सांगायला शेवटी बापच जाणार. बरं, नायक जपानी असला तरी तलवार जपानी असेलच असं नाही. जपानात परवानाधारक लोहारालाही महिन्याला दोनच लांब तलवारी घडवता येतात. त्यामुळं असल्या प्रतिकृती बहुतेक चीनमधल्या लाँगछुआनहून निघतात.

तालमीतल्या वस्तादांनी ती हातात तोलली आणि विचारलं, “मूठ एवढी लांब? निम्मी शेजाऱ्याला द्यायची काय?” दोन्ही हातांनी धरतात, असं पोरानं सांगितल्यावर ते जास्तच गंभीर झाले. “मग ढाल कोण धरणार? आई?”

मी पोराची बाजू घेतली. मराठ्यांच्या फिरंग तलवारींची पातीही युरोपातूनच यायची, मूठ तेवढी आपली. परदेशी पात्याचं वेड आपल्याकडं शिवकाळापासूनचं आहे. वस्ताद म्हणाले, “व्हय, पण त्यांनी ती लढायला आणली.”

हिला लढाई नाही, नुसता जावयाचा मान. कार्बन स्टीलला बोटाचा ठसासुद्धा सोसत नाही. घामातल्या मिठानं गंज धरतो. त्यात आमचा जुलै. पंचगंगा पात्राबाहेर, भिंतींना ओल, पापड मऊ. म्हणून पातं मऊ कापडानं पुसायचं, तेलाचा पातळ हात फिरवायचा, आणि म्यान आडवं, धारेची बाजू वर करून ठेवायचं. जपानी लोक लवंगाचा वास असलेलं तेल वापरतात, हे कळल्यावर आईनं दातदुखीची बाटली पुढं केली. ते तेल मुळात खनिज, लवंग वासापुरती. शेवटी शिलाई मशीनचं तेल कामी आलं.

पातं उघडं असताना बोलायचं नाही, असाही तिकडचा शिरस्ता. थुंकीचा थेंब पडला तर डाग पडतो. ही अट कोल्हापुरात पाळणं कठीण. ‘वन पीस’मधला झोरो तिसरी तलवार दातांत धरतो आणि तरीही बोलतो, त्याचं आजोळ इकडंच कुठंतरी असणार.

खरा प्रसंग खंडेनवमीला आला. विळी, पाना, मोटरसायकल यांच्या रांगेत तलवार मांडली. आई ओलं हळदकुंकू कालवून पात्याकडं निघाली आणि चिरंजीव आडवे पडले. “आजी, गंजंल!”

“देवीच्या कुंकवानं गंजतीय? मग कसली रं ही तलवार?”

तहात कुंकू म्यानावर लागलं, झेंडू मुठीला, आणि आरतीनंतर पात्याला तेल.

तुमच्याही घरी तांजिरो येणार असेल, तर ‘धार नको’ हे मागवतानाच लिहून घ्या, बिल जपून ठेवा आणि तेलाची बाटली आधी आणा. कुंकवाचं आजीशी मात्र ज्याचं त्यानं मिटवावं.