घडीमास्तर

टॉवेल ओला असेपर्यंत घरातल्या कुणाचाही. दोरीवर वाळला की तो घडीमास्तरांचा. मग त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. कुणी मदत म्हणून लावलाच, तर तो टॉवेल पुन्हा उलगडला जातो, दोनदा झटकला जातो आणि "ही घडी कोणी केली?" हा प्रश्न स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतो. उत्तर येत नाही. घरातले सगळे एकदम कामात असतात.

घडीमास्तर बहुधा निवृत्त असतात. कुणी बँकेतून, कुणी पाटबंधारे खात्यातून, कुणी शाळेच्या कार्यालयातून. नोकरीत असताना हाताखाली माणसं होती, आता टॉवेल आहेत. टॉवेल बरे. ते रजेचा अर्ज देत नाहीत आणि चहाला गेले की तासभर गायब होत नाहीत.

त्यांची पद्धत मात्र ऐऱ्यागैऱ्याची नाही. अंघोळीचा मोठा टॉवेल साधारण तीस इंच रुंद आणि साठ इंच लांब. लांबीत एकदा दुमडला की तीस, पुन्हा दुमडला की पंधरा. मग रुंदीचे तीन समान भाग. डावा आत, उजवा त्याच्यावर. हातात उरतो दहा बाय पंधराचा गठ्ठा, कपाटाच्या कप्प्यातून बाहेर न डोकावता बसणारा. हे गणित फूटपट्टी लावून झालेलं आहे आणि ती फूटपट्टी अजून त्याच कप्प्यात आहे. गठ्ठा ठेवताना गोल दुमड बाहेर, मोकळे काठ आत. दार उघडल्यावर काठ दिसले, तर घडीमास्तरांना पाहुण्यांसमोर बनियनवर आल्यासारखं वाटतं.

धुऊन आलेला टॉवेल चळतीच्या तळाशी जातो, वापरायचा तो वरून काढायचा. त्यामुळे सगळे सारखे झिजतात. व्यवस्था बिनचूक आहे. फक्त कॉलेजात जाणारा नातू नेहमी मधलाच ओढतो.

"अरे, वरचा घे ना!"

"आजोबा, मधला मऊ लागतो."

यावर घडीमास्तर टॉवेलच्या विणीवर बोलू लागतात. टर्किश टॉवेलला ताण्याचे दोन संच लागतात: एक घट्ट ताणलेला, दुसरा सैल. सैल धाग्यांचे फास वर उभे राहतात आणि पाणी शोषतात ते हेच फास. इंग्लंडच्या हेन्री ख्रिस्टींनी ही वीण तुर्कस्तानात पाहिली आणि तिचा यंत्रावर विणलेला अवतार 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडला. तिथून ते सोलापूरला येतात. तेलंगणातून येऊन स्थिरावलेला पद्मशाली समाज, त्यांचे माग, चादरीइतकंच टेरी टॉवेललाही मिळालेलं भौगोलिक मानांकन. मानांकनापर्यंत पोचेस्तोवर नातू अंघोळ करून बाहेर आलेला असतो.

फासांवर त्यांचा जीव असल्यामुळे टॉवेलला इस्त्री वर्ज्य. फास आडवे होतात. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावणही वर्ज्य. धाग्यावर त्याचा थर बसतो आणि टॉवेल पाणी प्यायला कुरकुरतो. ही दोन्ही मतं बरोबर आहेत. घरच्यांचा खरा वैताग तोच आहे.

पावसाळ्यात त्यांचा कस लागतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत टॉवेल वाळला की नाही, हे ते हाताने ठरवत नाहीत. गालाला लावतात, मग काठाची जाड शिवण चिमटीत धरून डोळे मिटतात, कारण सगळ्यात शेवटी वाळते ती शिवण. तिथे ओल उरली आणि घडी घातली, की दोन दिवसांत कपाटभर कुबट वास. त्या वासामागे मोराक्सेला नावाचा जिवाणू असल्याचं जपानी संशोधकांनी 2012 साली दाखवलं, हे त्यांनी कुठेतरी वाचलंय. तेव्हापासून दमट टॉवेल पलंगावर टाकणाऱ्याला ते नुसतं "ओला आहे" म्हणत नाहीत. "मोराक्सेला!" म्हणतात. कामाच्या मावशींना ती शिवी वाटते.

घरात सून आली आणि तिच्याबरोबर मारी कोंडो आली. जपानच्या या कोंडोबाईंचं घर आवरण्यावरचं पुस्तक 2014 मध्ये इंग्रजीत आलं, 2019 मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका आली. घडी अशी घालायची की कापड आपल्या पायावर उभं राहील आणि खण उघडताच सगळं एकदम दिसेल. सुनेने नॅपकिन तसे उभे केले. घडीमास्तर चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. एक काढला तर शेजारचा पडत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

"बाबा, कसं वाटतं?"

"नॅपकिनपुरतं ठीक आहे," ते म्हणाले. जपानशी एवढाच तह झाला.

सगळ्यात वरचा कप्पा पाहुण्यांचा. तिथले टॉवेल कोरे, डांबरगोळ्यांच्या पहाऱ्यात. त्यांची घडी मोडायला घरच्यांना बंदी. जावई आले की एक खाली उतरतो आणि जावई अंगावरचं पाणी या खांद्यावरून त्या खांद्यावर नेत बसतात, कारण कारखान्यातून आलेल्या कोऱ्या टॉवेलवर गुळगुळीत करणारा थर असतो आणि दोन-तीन धुण्यांशिवाय तो नीट पाणी टिपत नाही. घडीमास्तरांना हे ठाऊक आहे. पण धुतला तर तो कोरा कसा राहणार?

ते स्वतः अंग पुसतात पंच्याने. विरलेला, मध्ये जाळी पडलेला, पण तासाभरात खडखडीत वाळणारा. बायको दर दिवाळीला म्हणते, "अहो, आतातरी नवा काढा." ते नवा काढतात, दोन्ही बाजूंनी बघतात आणि वरच्या कप्प्यात ठेवतात.

या साठ्याला वाट मिळते ती लग्नसराईत. गावाकडच्या आहेरात टॉवेल-टोपी लागतेच. त्या वेळी घडीमास्तर कोरे टॉवेल मोजून काढतात, दुकानाची घडी मोडून स्वतःची घालतात, वर टोपी ठेवतात आणि जड मनाने निरोप देतात. टॉवेल-टोपी एका घरात फार टिकत नाही. आलेली पुढच्या मांडवात जाते. असाच एक टॉवेल एकदा तीन लग्नं करून त्यांच्याच हातात आला. काठावरच्या निळ्या रेघेवरून बायकोने तो ओळखला. "आपलाच आहेर आपल्याला! लाज कशी वाटत नाही लोकांना?" तिचा पारा चढला.

घडीमास्तरांनी टोपी बाजूला केली. दहा बाय पंधरा, गोल दुमड बाहेर. "अगं, पण घडी बघ," ते म्हणाले, "कुणी हातसुद्धा लावलेला नाही!" आणि पंगत सुटेपर्यंत भेटेल त्याला तो टॉवेल दाखवत मांडवभर फिरले.